आकड्याचं डोकं डोंगराकडं

भर मे महिन्यात आमच्या ड्रॉइंग हॉलमधला पंखा बंद झाला की नवखा माणूस म्हणायचा, वीज गेली. बाकीच्यांना ठाऊक असायचं की नक्शासाबांनी आकडा लिहायला घेतलाय. आदिलाबादचा मे म्हणजे भिंतीला पाठ टेकली तरी चटका बसतो. तरी हॉलमधले सातही जण तोंड मिटून, मानेवरचा घाम पुसत बसून राहायचे. वाऱ्याने ट्रेसिंग क्लॉथची कड हलली असती आणि साबांचा आठ बिघडला असता. आकडा झाला की ते स्वतः उठून पंखा लावायचे, 'हां, बोला आता' म्हणायचे आणि आमची वाक्यं पुरी व्हायच्या आत पुन्हा बंद करायचे.

त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं, कोणाच्या तोंडात नव्हतं. निजामाच्या काळात नकाशे काढणाऱ्याला नक्शानवीस म्हणत, त्यावरून हे नक्शासाब. शाळा उर्दूत झालेली, घरात मराठी, बाजारात तेलुगू. पण मोजायला लागले की उर्दूच. उजवी बाही कोपरापर्यंत दुमडलेली आणि डावीचं बटण मनगटावर लावलेलं. उजवी शाईत बुडू नये म्हणून वर आणि डावी, ते म्हणत, 'मानसात राहाले पायजे म्हनून' खाली.

ऐंशीच्या दशकाच्या मधल्या वर्षांत मी त्या हॉलमध्ये ट्रेसर म्हणून लागले, म्हणजे सर्व्हेवाल्यांच्या पेन्सिलीच्या शीटवर पारदर्शक ट्रेसिंग क्लॉथ ठेवून नकाशा शाईत उतरवायचा. आजा दुसऱ्याच्या शेतात राबलेला, वडील शाळामास्तर आणि मी हॉलमधली पहिली बाई. माझं अक्षर चांगलं होतं आणि ते मला जरा जास्तच माहीत होतं. आमच्याकडे तलावांचे, बांधांचे नकाशे व्हायचे. जमिनीवरची सारख्या उंचीची ठिकाणं जोडत जाणारी जी वेडीवाकडी रेघ असते तिला आम्ही कंटूर म्हणायचो. एका शीटवर अशा तीस-चाळीस रेघा आणि प्रत्येकीवर तिची उंची सांगणारा आकडा. रेघ थोडी तोडायची, त्या फटीत आकडा बसवायचा. मला वाटलं होतं, यात शिकायचं ते काय?

पहिल्याच दिवशी मी एक आकडा लिहिला, छान सरळ, वाचता येईल असा. साब येऊन पाहत उभे राहिले.

"हा गडी कोनीकडं उभा हाये?" त्यांनी विचारलं.

मला प्रश्नच कळला नाही.

"आकडा म्हंजे मानूस समज. उतारावर मानूस कसा उभा राह्यते? पाय खाली, डोकं चढाकडं. आकड्याचं डोकं डोंगराकडं पायजे. तुहा गडी आडवा झोपला."

मग त्यांनी स्वतः लिहून दाखवलं. कागद त्यांनी कधीच फिरवला नाही. टेबलाभोवती ते स्वतः फिरायचे, कधी खिडकीच्या बाजूने, कधी भिंत आणि टेबल यांच्या बोळीतून अंग चोरून, आणि डोंगराच्या खाली उभं राहिल्यासारखे वर बघत लिहायचे. त्यामुळे त्यांच्या नकाशातले निम्मे आकडे खुर्चीत बसलेल्या माणसाला उलटे दिसत. एका इंजिनियरने तक्रार केली की वाचताना मान वाकडी होते. साब म्हणाले, "मान वाकडी झाली म्हंजे डोंगर कोनीकडं हाये ते समजते." इंजिनियर हसले आणि मान वाकडी करून वाचू लागले.

या माणसाला उताराचं वेडच होतं. हॉटेलात चहा घ्यायला बसले की आधी पेल्यातलं थोडं पाणी फरशीवर सोडायचे आणि ते कुठे जातं ते बघत राहायचे. कोणाच्या घरी गेले तरी तेच. यजमानीण बाई मनातून चिडायची, पण एवढ्या थोर वयाच्या माणसाला बोलणार काय. जवळच्या मावला गावात आमच्यातल्या एकाच्या बहिणीचं लग्न होतं. पंगत मांडलेली पाहून साबांनी मुलीच्या बापाला बाजूला घेतलं आणि सांगितलं, "पंगत चार हात उजवीकडं सरकवा. हितून पानी जाते." आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. बाप म्हणाला, "साब, उन्हाळ्यात कायचं पानी?" आणि सगळे गालातल्या गालात हसले. मीही हसले, खोटं कशाला बोलू. दुसरी पंगत बसली आणि आचाऱ्याच्या मागचा पाण्याचा ड्रम कलंडला. पाणी कुठेही न रेंगाळता थेट पंगतीच्या मधोमध आलं, साबांनी बोट दाखवलं होतं अगदी तिथून. वऱ्हाडी पत्रावळी हातात घेऊन उभे राहिले. साब कोरड्या जागी एकटे बसून भात कालवत होते.

आकड्यांच्या बाबतीत त्यांची आणखी एक तऱ्हा होती. बाकीचे आधी रेघ काढायचे, मग अर्ध्या ब्लेडने शाई खरवडून आकड्यापुरती फट पाडायचे. साब आधी आकडा लिहायचे आणि रेघ त्याच्यापाशी आणून थांबवायचे. आणि आकडा लिहिण्याआधी सर्व्हे करून आलेल्या माणसाला पकडायचे. पेन्सिलीच्या शीटवर बोट ठेवून विचारायचे, "इथं काय हाये?"

"काही नाही साब, खडक हाये. बकऱ्या चरतात."

"मंग लिहतो इथं."

कधीकधी एका आकड्यासाठी तीन-तीन जागा विचारून व्हायच्या. सर्व्हेची माणसं त्यांना टाळायला मागच्या दाराने जायची. मी एकदा न राहवून विचारलं, काऊन एवढा खटाटोप, आकडा कुठंही बसला तरी उंची तीच. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"फट पाडली की तिथं रेघ मुकी होते," ते म्हणाले. "कोनाचं घर आत का बाहेर, विहीर आत का बाहेर, ते ती सांगत नाई. म्हनून जिथं कोनाचं काही हाये, तिथं रेघ तोडायची नाई."

मी मान डोलावली. मान डोलवायला काय लागतं?

नव्वदीच्या शेवटी आमच्याकडे कॉम्प्युटर आला. साब तोवर रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती. एक छापील शीट घेऊन मी त्यांच्या घरी गेले आणि सांगितलं, हे सगळे आकडे मशिनने एका मिनिटात टाकले. त्यांनी शीट चष्म्याजवळ धरली. "बाप्पा, एका मिनिटात," ते खरोखर भारावून म्हणाले. मग बोटाने एकेका आकड्यावरून जात राहिले. "अक्षर लय चांगलं हाये याचं. पन हा बघ, हा डोक्यावर उभा हाये. अन् ह्यानं ही रेघ गावात तोडली." थोड्या वेळाने म्हणाले, "त्याची चूक नाई. त्याले कोनी नेऊन दाखवलं नाई." मशिनची बाजू घेणारा त्यांच्या वयाचा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

पण मला सांगायचंय ते त्याच्या आधीचं, आणि त्यात चूक मशिनची नव्हती, माझी होती.

नेरडीगोंड्याच्या बाजूला एक तलाव होत होता, बांध उभा राहत आला होता. साब पंधरा दिवसांच्या रजेवर गेले आणि ते शीट माझ्याकडे आलं. मी जीव ओतून काम केलं. सगळ्या रेघांवरचे आकडे खालून वर एका ओळीत बसवले, शिडीच्या पायऱ्यांसारखे. त्यातली एक रेघ सर्वांत महत्त्वाची होती. तलाव पूर्ण भरल्यावर पाणी जिथपर्यंत चढणार, ती. तिचा आकडा त्या शिडीत नेमका अशा ठिकाणी आला जिथे पेन्सिलीने काढलेले बारीक चौकोन होते. अकरा चौकोन, म्हणजे अकरा घरं. आकडा सरकवला असता तर शिडी मोडली असती. घरं काय, महसुलाच्या गावनकाशात असतीलच, असं म्हणून मी चौकोन शाईत घेतलेच नाहीत आणि तिथे रेघ तोडून आकडा बसवला. मोठ्या साहेबांनी शीट पाहून शाबासकी दिली. सही झाली, अमोनियाच्या वासाच्या प्रिंटा निघाल्या, वर गेल्या.

ती वाडी नवी वसलेली होती. गावनकाशात ती नव्हतीच.

रजेवरून आल्यावर साबांनी प्रिंट पाहिली आणि त्या आकड्यावर बोट ठेवलं. "इथं काय हाये?"

त्यांनी कपाटातून पेन्सिलीचं शीट काढलं, दोन्ही शेजारी ठेवली. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. पेन्सिलीच्या शीटवर ती रेघ घरांच्या मागून वळसा घेऊन, टोकाच्या घराला घासून गेली होती, म्हणजे घरं पाण्यात. आणि माझ्या प्रिंटवरून पाण्यात जाणाऱ्या घरांची यादी करणाऱ्याने माझी फट पट्टी लावून सरळ जोडली होती, घरांच्या पुढून. घरं बाहेर. वाडी यादीतून सुटली होती, तिला नवी जागा मिळणार नव्हती आणि येत्या पावसात तलावात पाणी धरणार होते.

आम्ही दोघं मोठ्या साहेबांकडे गेलो. ते तेलुगू, आमच्याशी हिंदीत बोलत. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "शीट पे साइन हो गया। अब गाँववालों की अर्जी आयेगी, तोच यादी खुलेगी। मुद्दत आठ दिन की है।"

साब म्हणाले, "गलती हमारे दफ्तर की है, साब."

"मालूम। लेकिन अर्जी उनकी होना।"

दुसऱ्या दिवशी आम्ही वाडीवर गेलो. मला वाटलं होतं, लोक घाबरतील, हातापाया पडतील. झालं उलटंच. आपण यादीत नाही हे कळून तिथे बोकड कापून झाला होता. वाडीचा म्हातारा कारभारी बाजेवरून उठलाही नाही.

"कागदावर आमी सुटलो ना? मंग आता काऊन आले?"

साबांनी समजावलं, की आकडा आमचा चुकला, घरं पाण्यात जातात, तुम्ही तशी अर्जी द्या.

"म्हंजे आमीच लिहून द्यायचं, का आमची घरं बुडवा?" म्हातारा हसला. "साब, इतके येडे नाई आमी. जमीन पायजे असन कोनाले तर सरळ सांगा."

साब म्हणाले, दुर्बीण आणून मोजून दाखवतो. म्हातारा म्हणाला, "तुमच्या दुर्बिनीत तुमीच पाहता. आमाले त्यात का दिसते?"

मला राग आला, माणसं मरायला निघालीत आणि वर तोरा. परतताना बसमध्ये मी तसं म्हणालेही. साब म्हणाले, "बराबर बोलला तो. कागदानं एकदा फसवलं त्याइले. कागद तुहाच होता." तेवढंच बोलले. पण मला तेवढं आदिलाबाद येईपर्यंत पुरलं.

मुदतीला तीन दिवस उरले तेव्हा ते पुन्हा निघाले. सोबत मी आणि खांद्यावर दुर्बिणीऐवजी नळीचं वेटोळं. गवंडी पाया एका पातळीत धरायला वापरतात ती साधी पारदर्शक नळी, चांगली पंचवीस मीटर लांब, आणि सारख्या उंचीवर खूण केलेल्या दोन काठ्या. म्हाताऱ्याला ते म्हणाले, "ह्यात पाहाले शिकलेला मानूस लागत नाई. तुमची मानसं द्या. मी हात लावत नाई."

काम असं होतं. बांधाच्या सांडव्याजवळ पाणी जिथवर चढणार त्या उंचीचा दगड रोवलेला होता. एकाने पहिली काठी तिथे धरायची, दुसऱ्याने नळीचं दुसरं टोक घेऊन टेकाडाच्या अंगाने पुढे जायचं आणि दोन्हीकडे पाणी खुणेवर येईपर्यंत वर-खाली सरकायचं. आलं की तिथे खुंटी. मग पहिल्याने पुढे यायचं. कागदावर मी जी रेघ दोन मिनिटांत ओढली होती, ती वाडीची माणसं आता पायांनी ओढू लागली. सकाळी सुरू केलं. तासाभराने चेष्टा थांबली. काट्यात, खडकात खुंटीमागे खुंटी जात होती आणि साब मागून, डावी बाही बटण लावलेली, डोक्यावर रुमाल टाकून चालत होते. एकदाही त्यांनी 'वर घे' की 'खाली घे' म्हटलं नाही. पाण्याला जे कळतं ते माणसांना कळायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ द्यायची ताकद किती जणांत असते? मी तरी दुसरा माणूस पाहिला नाही.

दुपार कलता कलता खुंट्या वाडीपाशी आल्या. रेघ घरांच्या पुढून जाईल या आशेने सगळे पुढच्या अंगणात जमले होते. नळी धरणारा म्हाताऱ्याचा मुलगाच होता. तो अंगणात उभा राहिला तर काठीवर पाणी खुणेच्या कितीतरी वर चढलं, म्हणजे जागा खाली होती. त्याने एक पाऊल मागे घेतलं, मग दुसरं. घरांच्या मागे जाऊन टेकाड चढू लागला तेव्हा कुठे पाणी खुणेवर आलं. म्हातारा स्वतःच्या घरात गेला, मुलाला आत नळी धरायला लावली आणि पाणी भिंतीवर कुठवर येईल तिथे चुन्याचं बोट ओढलं. ते त्याच्या छातीच्या वर होतं.

"अर्जी कशी लिहतात, साब?" त्याने विचारलं.

दहा घरं अशी झाली. शेवटचं घर वाडीच्या टोकाला, थोडं उंचवट्यावर होतं. तिथे एक विधवा म्हातारी एकटी राहायची, सगळी वाडी तिला आत्या म्हणायची. नळी धरली, आणि पाणी तिच्या उंबऱ्याच्या वीतभर खाली थांबलं. पुन्हा धरली, तेच.

"आत्याचं घर सुटलं," म्हाताऱ्याचा मुलगा म्हणाला.

आत्या उंबऱ्यात बसली होती. दहा घरांकडे पाहून ती म्हणाली, "हे सारे जातीन. मंग मी इथं कोनासंगं बोलू?"

सगळे साबांकडे पाहू लागले. मीही. खुंटी दोन-तीन हात मागे ठोकली की झालं होतं, कोण बघायला येणार होतं? पण मला आत कुठेतरी भीती होती की ते ठोकतील. केसाइतकी रेघ इकडची तिकडे झाली म्हणून शीटं फाडलेली मी पाहिली होती. या माणसाने दयेपोटी का होईना, खुंटी हलवली असती तर माझं काहीतरी मोडलं असतं. आणि नसती हलवली तर त्या म्हातारीकडे मला बघता आलं नसतं.

साब तिच्या पायरीवर टेकले. पिशवीतून पेन्सिलीच्या शीटची नक्कल काढली, भिंग काढलं, पट्टी काढली. पाण्याची ती रेघ किती जाड आहे ते त्यांनी मोजलं, रेघेची नुसती जाडी. मग उर्दूत पुटपुटत हिशेब केला आणि उठून उंबऱ्यापासून खुंटीपर्यंतचं अंतर पावलाने मोजलं.

"कागदावरची रेघ केसाएवढी दिसते," ते म्हणाले. "जमिनीवर ती पाच फूट रुंद हाये. खुंटी तिच्या मधोमध. आत्याचा उंबरा खुंटीपासून दोन फुटावर. म्हंजे आत्याचं घर रेघेच्या आत बी नाई, बाहेर बी नाई. रेघेखाली हाये."

"मंग?" म्हाताऱ्याने विचारलं.

"रेघेखालचं कुठं धरायचं ते कोन्या कायद्यात लिहलं नाई. ते रेघ काढनारा ठरवते. चाळीस वर्षं रेघ काढून राह्यलो मी." ते माझ्याकडे वळले. "लिही बाई. घरं अकरा."

मी अर्जी लिहिली. इतका वेळ आवरलेलं रडू तेव्हा आलं आणि कागदावर पडू नये म्हणून मान फिरवून लिहावं लागलं. अकरा अंगठे उठले, आत्याचा शेवटी. मोठ्या साहेबांनी अर्जी वाचली, अकरावं घर कसं म्हणून विचारलं. साबांनी भिंग आणि पट्टी टेबलावर ठेवली आणि 'मोजा' म्हणाले. त्यांनी मोजलं आणि सही केली.

पावसाळ्याआधी वाडी हलली. छपरांचे कवेलू, लाकूडफाटा सगळं नव्या जागी गेलं, भिंती तेवढ्या मागे राहिल्या. भाद्रपदात तलाव काठोकाठ भरला तेव्हा साब मला घेऊन बघायला गेले. दहा घरांच्या जागी नुसतं पाणी होतं. आत्याच्या घराच्या उंबऱ्याखाली ते वीतभर थांबलं होतं आणि चार भिंती कोरड्या उभ्या होत्या. साबांनी त्या नीट पाहून घेतल्या. मग आम्ही नव्या वाडीवर गेलो. आत्या दहा घरांच्या मधोमध, पदर खोचून, शेजारणीशी कडाकडा भांडत होती.